सासूबाईंना जेन ऑस्टिन सांगताना

सुरुवात माझ्या हसण्यापासून झाली. गेल्या आषाढातली गोष्ट. दुपारभर पाऊस पडून गेला होता, लाइट गेलेले होते आणि मी आमच्या ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या घराच्या मागच्या पडवीत, उजेडाला, जेन ऑस्टिनची ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ ही कादंबरी घेऊन बसले होते. जिवाजी विद्यापीठात एम.ए. करताना घेतलेली प्रत. समासात पेन्सिलीने ‘आयरनी’, ‘आयरनी’ (म्हणजे उपरोध) असं इतक्या ठिकाणी लिहून ठेवलंय की पुस्तक राहिलं बाजूला, माझं मलाच हसू आलं. शेजारच्या खुर्चीतून आवाज आला, “एकटीच काय हसतेस? मोठ्यानं हस, म्हणजे मलाही कळेल.”

सासूबाई चौऱ्याऐंशीच्या आहेत. दोन्ही डोळ्यांचे पडदे खराब झाले त्याला तीन वर्षं झाली. मोतीबिंदू काढून झाले, इंजेक्शनं झाली. डॉक्टर म्हणाले, आहे तेवढं टिकवू. कडेकडेचं दिसतं, नेमकं मधलं पुसल्यासारखं. त्यामुळे त्या घरात बिनधास्त वावरतात, कोथिंबीर निवडतात, पण अक्षर लागत नाही आणि समोरच्याचा चेहरा दिसत नाही. ज्या बाईने साठ वर्षं दिवाळी अंकातल्या जाहिरातीसुद्धा वाचायच्या सोडल्या नाहीत, तिला ही शिक्षा जरा जास्तच झाली. माझा नवरा मोबाइलवर गोष्टी लावून देतो, पण त्या त्यांना आवडत नाहीत. “त्या बाईला मध्येच थांबवून विचारता येत नाही,” असं त्यांचं म्हणणं.

मला थांबवून विचारता येत होतं. ते त्यांनी जे मनावर घेतलं ते पार कार्तिकी एकादशीपर्यंत. एकूण ६१ प्रकरणं. रोज चहानंतर तासभर.

डोळे इंग्रजीवर आणि तोंडात मराठी, असं हे वाचून दाखवणं. मला वाटलं होतं, यात काय, कॉलेजात तीस वर्षं हेच तर केलं. पण वर्गात आपण अर्थ सांगत असतो, गोष्ट सांगत नसतो. पहिल्याच वाक्याला आपटले. पैसेवाला पुरुष अविवाहित असेल तर त्याला बायको हवी असणारच, हे जणू साऱ्या जगाने मान्य केलेलं, अशा थाटात ते सुरू होतं. मी ‘सर्वमान्य सत्य’ वगैरे शब्द वापरून अगदी व्याख्यानासारखं सांगितलं. आई (मी त्यांना आईच म्हणते) म्हणाल्या, “बरं. पुढे?” विनोदाला ‘पुढे?’ मिळालं की शिकवणाऱ्या माणसाचा चेहरा कसा होतो ते त्यांना दिसत नव्हतं, हे माझं नशीब.

पुन्हा सांगून पाहिलं. “पैसेवाला आहे, एकटा आहे, म्हणजे त्याला बायको हवीच असणार म्हणे.”

आई खुदकन हसल्या. “हे मुलींच्या आया म्हणताहेत. त्या पोराला कुणी विचारलंय का?”

झालं! समासातल्या सगळ्या ‘आयरनीं’चं काम त्या एका ‘म्हणे’ने केलं होतं. ऑस्टिनबाई करतात काय, तर गावाचं, आयांचं, शिष्टांचं म्हणणं त्यांच्याच तोंडच्या शब्दांत सांगतात, पण ‘असं ते म्हणतात’ हे लिहीत नाहीत. आपल्याला वाटतं लेखिका बोलतेय, आणि ती तर मागे उभी राहून पदर तोंडाला लावून हसत असते. हे वर्गात समजावायला मला दोन तास लागायचे. मराठीत दोन अक्षरं पुरतात.

मग अर्थात मी ते दिसेल तिथे घालू लागले. चार दिवसांनी आई म्हणाल्या, “तुझं ‘म्हणे’ आता आवर. बाई कधीतरी स्वतःही बोलत असेल की नाही?” खरंच होतं. पहिल्या प्रकरणाच्या शेवटी मिसेस बेनेट, गोष्टीतल्या पाच मुलींची आई, कशी आहे ते लेखिका सरळ, कोरडेपणाने, स्वतःच्या तोंडाने सांगते. बेताची बुद्धी, बेताची माहिती, लहरी स्वभाव. तिथे ‘म्हणे’ घातलं की बाईला उगीच सूट मिळते. तेव्हापासून आदल्या रात्री दुसऱ्या दिवशीचं प्रकरण वाचून, कुठलं वाक्य कुणाचं, अशा खुणा करायला लागले. शिकवत असताना एवढी तयारी केली असती तर विद्यार्थ्यांचं भलं झालं असतं.

नावांचा प्रश्न आईंनीच सोडवला. मिसेस बेनेट नवऱ्याला सारखं ‘मिस्टर बेनेट’ म्हणते, तो तिला ‘माय डियर’. मी ‘मिस्टर बेनेट’ तसंच ठेवलं होतं.

“त्याचं नाव काय?”

“पुस्तकभर दिलेलंच नाही, आई. तिचंही नाही.”

“म्हणजे ती नाव घेत नाही. मग ‘अहो’ म्हण की सरळ!”

‘अहो’ म्हटल्याबरोबर मिसेस बेनेट आमच्या पडवीत येऊन बसली. तिला सारखा नसांचा त्रास होतो, म्हणजे काही मनाविरुद्ध झालं की ‘माझ्या नसा’ म्हणून आडवी होते. तिथे मी बेधडक ‘माझं बीपी’ केलं. छापायचं असतं तर केलं नसतं. पण कळायला आईंना एक क्षणही लागला नाही. मंडळाच्या भगिनीवर्गात अशा बीपीवाल्या तिघी तरी आहेत. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी आईंनी तिच्यासाठी उखाणा तयार ठेवला होता:

“पाच लेकींच्या काळजीने झाली माझी दैना,
बेनेटरावांना पुस्तकातून मान वर करवेना.”

तिसऱ्या-चौथ्या दिवशी पैशांचं निघालं, आणि तिथे मला माझी शिकवणी विसरून त्यांच्याकडून शिकावं लागलं. आईंचे वडील मोतीमहालात हिशेब खात्यात होते, आधी ग्वाल्हेर संस्थानात आणि १९४८ नंतर मध्य भारत सरकारात. व्याजाची आकडेमोड आईंच्या बोटांवर असते. गावात नव्याने आलेल्या तरुण, अविवाहित बिंगलीचं उत्पन्न वर्षाला चार ते पाच हजार पौंड, असं पुस्तकात गावातल्या बायका बोलतात. पुढे कळतं की वडिलांनी त्याला जवळजवळ एक लाख ठेवलेत.

“चार टक्के धरले तर चार हजार. पाच धरले तर पाच,” आई म्हणाल्या. “शेती नाही त्याची. व्याजावर बसलाय. वडिलांचा धंदा असणार.”

वडिलांचा व्यापारच होता. तो पैसा कसा आला आणि बिंगलीच्या बहिणी ते कसं विसरू पाहतात, हे बाईंनी एकाच वाक्यात सांगितलंय. मी तीस वर्षांत हे आकडे कधी भागून पाहिले नव्हते. मग त्यांनी बेनेटच्या मुलींचं काढायला लावलं. बापाचं उत्पन्न वर्षाला दोन हजार, पण ते त्याच्या डोळे मिटण्यापर्यंत. आईच्या माघारी प्रत्येक मुलीच्या वाट्याला एक हजार पौंड, चार टक्क्यांनी.

“चाळीस पौंड. वर्षाला. महिन्याला तीन-साडेतीन.” त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. “मग ती ओरडते ते काय चूक? बाप हसतोय, बाप विनोद करतोय, आणि हिशेब कुणाला करावा लागतोय? ती येडी असेल, पण घरात हिशेब तिलाच येतो.”

माझी कॉलेजपासूनची सगळी सहानुभूती मिस्टर बेनेटकडे होती. पुस्तकात तोंड खुपसून बसणारा, चटकदार बोलणारा गृहस्थ. आता प्रत्येक वेळी त्याचा विनोद सांगताना मला समोर ते चाळीस पौंड दिसायला लागले. विनोद कमी झाला नाही. त्याची किंमत कोण भरतंय ते मात्र दिसायला लागलं.

ओघात सांगितलं की ही कादंबरी १८१३ साली छापली आणि बाईंनी तिचे सगळे हक्क प्रकाशकाला ११० पौंडांना विकून टाकले. हवे होते दीडशे. नायक डार्सीला वर्षाला दहा हजार. आईंनी भागाकार केला: “म्हणजे तिला त्याचे चार दिवस मिळाले.”

कॉलिन्स आला तेव्हा तर कहरच झाला. हा पाद्री, लांबचा भाऊ, बेनेटच्या पश्चात घर त्याला जाणार, आणि तो उपकार म्हणून मुलींपैकी एकीला पत्करायला येतो. वारसा फक्त पुरुषांतून पुरुषांकडे, हे मी समजावून सांगितलं.

“पुरुषांतूनच ना? मग एकाच वंशातले. सगोत्र! बरं झालं पोरीनं नाही म्हटलं ते.” आडनाव वेगळं कसं, असाही प्रश्न आला. लेखिकेने त्याचा खुलासा कुठेही केलेला नाही. पुढे कळलं की डार्सीच्या मावशीच्या, लेडी कॅथरिनच्या मनात त्याला स्वतःची मुलगी द्यायचीय. आई खुर्चीत सरसावून बसल्या. “मावसबहीण? मामाची असती तर चाललं असतं. मावशीची!” लेडी कॅथरिनचा उर्मटपणा, तिचं सगळ्यांना शिकवणं, हे त्यांनी एक वेळ खपवून घेतलं असतं, मावसभावाशी मुलीचं लग्न ठरवणं शेवटपर्यंत माफ केलं नाही.

आणि त्या वारशावरून तो प्रश्न आला, जो मला कुठल्याही वर्गात कुणी विचारला नव्हता. “मुलगा नाही, तर त्यांनी दत्तक का नाही घेतला?”

ग्वाल्हेरच्या माणसाला हा प्रश्न पडायलाच हवा. शिंद्यांच्या गादीवर १८२७ मध्ये जनकोजीराव दत्तक आले, १८४३ मध्ये जयाजीराव दत्तक आले. मी ऐटीत म्हटलं, “तिकडे दत्तक नसतो, आई.” कायद्याच्या दृष्टीने हे बरोबरच आहे, इंग्लंडमध्ये दत्तकाचा कायदा १९२६ साली झाला. पण रात्री दात घासताना आठवलं आणि ब्रश हातातच राहिला. जेन ऑस्टिनचा सख्खा भाऊ! एडवर्ड. त्याला मूलबाळ नसलेल्या, पैसेवाल्या नातेवाइकांनी लहानपणीच जवळ केलं, वारस नेमलं, आणि १८१२ मध्ये त्याने आडनावही बदलून नाइट करून घेतलं. होम नाही, मांडीवर बसवणं नाही, पण दुसरं काय म्हणायचं याला? आणि त्याच दत्तक गेलेल्या भावाने १८०९ मध्ये आपल्या इस्टेटीतलं चॉटनचं छोटं घर आई-बहिणींना राहायला दिलं. वडील वारल्यावर चार वर्षं या बायका इकडून तिकडे बिऱ्हाडं हलवत होत्या. त्या घरात बूड टेकल्यावर बाईंनी जुनी बाडं बाहेर काढली. सहाही कादंबऱ्या त्यानंतर छापल्या गेल्या.

सकाळी आईंना कबुली दिली. त्या शेंगा सोलत होत्या. हात थांबले.

“त्यांच्याकडे चालतो?”

“चालायचा.”

“आणि झाशीला नाही चालला.”

आमच्या घरापासून फूलबागेतली राणीची समाधी रिक्षाने पंधरा मिनिटांवर आहे. गंगाधररावांनी १८५३ मध्ये दत्तक घेतला, तो कंपनी सरकारने मानला नाही आणि पुढल्या वर्षी झाशी खालसा केली, हे इथे शाळेत शिकवावं लागत नाही. आई पुन्हा शेंगा सोलायला लागल्या. “तुझ्या त्या बाईचा काही दोष नाही यात,” असं मात्र मुद्दाम म्हणाल्या.

त्यांचं ग्वाल्हेर असं मध्ये मध्ये यायचंच. कादंबरीत गावाजवळ पलटण येऊन उतरते आणि धाकट्या बहिणी लाल डगल्यांमागे वेड्या होतात. आमचं लष्कर तरी काय, दौलतरावांची छावणी १८१० च्या सुमारास किल्ल्याखाली पडली ती उठलीच नाही. “पलटणीमागे पोरी वेड्या होणारच. आपलं तर गावच पलटणीचं,” एवढ्यात आईंनी तो भाग उरकला. मी बदल्यात त्यांना वॉरन हेस्टिंग्ज दिला. ऑस्टिनची आत्या, फिलाडेल्फिया, १७५२ मध्ये एकटी जहाजात बसून मद्रासला आली. कशाला, तर इंग्लंडात हुंड्याशिवाय मुलीला विचारणारं कोणी नव्हतं, आणि इथे कंपनीचे गोरे नोकर पुष्कळ, गोऱ्या मुली कमी. सहा महिन्यांत कंपनीच्या एका डॉक्टरशी लग्न झालं. तिच्या मुलीचा धर्मपिता हेस्टिंग्ज. पुढे हाच गव्हर्नर जनरल असताना, १७८० च्या ऑगस्टमध्ये कॅप्टन पॉपमच्या माणसांनी रात्री शिड्या लावून आपला किल्ला घेतला. म्हातारपणी हेस्टिंग्जने ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ वाचली, आवडल्याचं कळवलं, आणि बाईंना त्याचा फार आनंद झाला. पत्रात तसं लिहिलंय.

“किल्ला घेणाऱ्यानं गोष्ट वाचली,” आई म्हणाल्या. “आणि तू मला सांगत्येस. बरंय.”

खरी कसोटी चौतिसाव्या प्रकरणात लागली. डार्सी एलिझाबेथला, बेनेटच्या दुसऱ्या मुलीला, मागणी घालतो. इंग्रजीत सगळ्यांना एकच ‘यू’. राजाला तेच, कुत्र्यालाही तेच. मराठीत तोंड उघडायच्या आत ठरवावं लागतं: तू, तुम्ही की आपण? तोवर मी डार्सीला ‘तुम्ही’वर निभावलं होतं. आईंना ते पटलं नव्हतं. त्या लहान असताना वडिलांबरोबर दसऱ्याला सरदारांच्या वाड्यांवर जायच्या. तिथे समोरच्याला ‘आपण’ आणि स्वतःला ‘आम्ही’, आठ वर्षांच्या पोरीलासुद्धा. “दहा हजारवाला ‘तुम्ही’ म्हणणार नाही,” त्या म्हणाल्या. “तो ‘आपण’च म्हणेल.”

म्हणून तसं केलं. डार्सी सांगतो की त्याचं तिच्यावर प्रेम आहे, आणि त्याच दमात सांगतो की तिचं घराणं हलकं आहे, नातलग लाज आणणारे आहेत, आणि हे सगळं माहीत असूनही तो विचारतोय. ‘आपण’मध्ये हे सांगताना माझ्याच अंगावर काटा आला. “आपल्या नातलगांचं स्थान आमच्यापेक्षा इतकं खालचं, याचा आम्हांला आनंद व्हावा अशी आपली अपेक्षा आहे का...”

“बघ,” आई म्हणाल्या. “‘आपण’ म्हणून शिवी घालायची, ही मोठ्या घरची कला. ‘तू’ म्हणणाऱ्याला उलट बोलता येतं. ‘आपण’ म्हणणाऱ्याला काय बोलशील?”

एलिझाबेथ बोलते. तेही ‘आपण’मध्ये. आई पूर्ण प्रकरण हलल्या नाहीत. त्याचं दुसऱ्या दिवशीचं लांबलचक पत्र, ज्यात पलटणीतल्या विकम या अधिकाऱ्याचीही हकिगत आहे, मी दोन संध्याकाळी पुरवलं. त्यात मधला एक परिच्छेद गाळला (पाहुणे यायचे होते), तर लगेच, “काहीतरी खाल्लंस. आधी विकमचं म्हणत होता, एकदम बहिणीवर कसा आला?” चेहरा दिसत नसला की माणसं आवाजातल्या खाचाखोचा पकडतात.

आणि मग लिडिया. पाचातली धाकटी, सोळाची. विकमबरोबर पळून जाते, बदनामी होते, डार्सी गुपचूप पैसे भरून लग्न लावून देतो. एक्कावन्नाव्या प्रकरणात ती माहेरी येते. जराही लाज नाही. जेवणघरात जाताना थोरल्या बहिणीला म्हणते, आता तुझी जागा माझी, तू खाली जा, माझं लग्न झालंय. लग्न झालेलीचा मान मोठा, हा तिथला शिरस्ता. दर वेळी शिकवताना हा प्रसंग मी हशा मिळवायला वापरायचे. तशाच ठेक्यात सांगितला.

आई हसल्या नाहीत. पुढे वाचू का विचारलं तर म्हणाल्या, “थांब जरा.”

मग सांगितलं ते असं. १९६० साल. लग्नानंतरचं पहिलं चैत्रातलं हळदीकुंकू, याच घरात. आई एकोणीस वर्षांच्या. त्यांच्या थोरल्या नणंदबाई, ज्यांना त्या वन्सं म्हणायच्या, एकतीसच्या. मुलींच्या शाळेत शिकवायच्या, लग्न झालं नव्हतं. गौरीची सगळी आरास वन्संनी केली होती. कलिंगडाची कमळं, काकडीची बदकं, रात्री दोन वाजेपर्यंत. दुसऱ्या दिवशी बायका यायला लागल्या तेव्हा वन्सं गौरीशेजारच्या पाटावर बसल्या होत्या. आजेसासूबाई आल्या आणि म्हणाल्या, तू सरक गं, नव्या सुनेला बसू दे.

“त्या उठल्या. काही बोलल्या नाहीत. आत जाऊन डाळ कालवायला बसल्या. आणि मी बसले पाटावर.”

“तुम्ही काय करणार होतात, आई? नवी नवरी.”

“तसं नाही गं.” आईंनी पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. “मला बरं वाटलं होतं. ते सांगत्येय तुला.”

पडवीत तोवर अंधारलं होतं. वन्सं जाऊन वीस वर्षं झाली. मी त्यांना पाहिलंय. दर रविवारी केस धुऊन गच्चीत मासिक वाचत बसायच्या आणि कुणी बोलावलं तरी पान संपल्याशिवाय उठायच्या नाहीत. मला काय बोलावं सुचेना. स्वयंपाकघरातून आमच्या पोळ्यांच्या बाई डोकावल्या. भिंडच्या आहेत, मराठी बोलत नाहीत, पण चार महिने ऐकून सगळं कळायला लागलं होतं. पिठाचे हात तसेच धरून म्हणाल्या, “अम्माजी, वो बड़ी वाली का ब्याह हुआ कि नहीं?”

“होणार आहे, होणार आहे,” आई म्हणाल्या, आणि मला, “चल. वाच. त्या लिडियाला फार वाईट नको रंगवूस.”

दुसऱ्या दिवसापासून मी लिडियाची वाक्यं हळू आवाजात सांगायला लागले. त्याने ती अधिक वाईट वाटतात की कमी, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

मग एका दुपारी त्यांनी आपणहून विचारलं, “त्या लिहिणाऱ्या बाईचं लग्न झालं होतं का?” नव्हतं. १८०२ च्या डिसेंबरात एका ओळखीच्या, इस्टेटवाल्या तरुणाने विचारलं. बाई सत्ताविसाव्या वर्षाला टेकलेल्या. संध्याकाळी होकार दिला, सकाळी उठून मोडला. रात्रभरात काय झालं हे कळायला मार्ग नाही, कारण तिची बहीण कॅसांड्रा हिने नंतर पुष्कळशी पत्रं जाळून टाकली. या कॅसांड्राचंही ठरलेलं लग्न तो मुलगा वेस्ट इंडीजमध्ये तापाने गेल्यामुळे राहिलं होतं. दोघी बहिणी आईजवळ राहिल्या. जेन १८१७ मध्ये, एक्केचाळिसाव्या वर्षी गेली. हयातीत एकाही पुस्तकावर तिचं नाव छापलं गेलं नाही. पहिल्यावर ‘एका स्त्रीकडून’ एवढंच.

“पत्रं जाळली ते चांगलं केलं,” आई म्हणाल्या. “वन्संची मीच जाळली.” यापुढे त्यांनी काही सांगितलं नाही, आणि तिथे थांबवून विचारण्याची पाळी माझी असूनही मी विचारलं नाही.

लेडी कॅथरिन घरी येऊन एलिझाबेथला दमदाटी करते, ते प्रकरण आम्ही दिवाळीनंतरच्या रविवारी घेतलं. ऐकायला माझा नवराही येऊन बसला. इथे माझा सर्वनामांचा हिशेब पक्का होता: म्हातारी पहिल्यापासून ‘तू’, एलिझाबेथ पहिल्यापासून ‘आपण’. जसजशी म्हातारी चिडते तसतसं एलिझाबेथचं ‘आपण’ जास्त गोड, जास्त स्वच्छ होत जातं. आमच्या भाच्याशी लग्न करणार नाही असं वचन दे. नाही देणार. आई हाताची मूठ खुर्चीच्या दांडीवर हळूहळू आपटत होत्या. “मावससासू होणार आहे ही तुझी,” त्या एलिझाबेथला म्हणाल्या, “आत्ताच ठेव जागेवर.”

त्या मानाने शेवटच्या मागणीने त्यांची निराशा झाली. डार्सी पुन्हा विचारतो (मी त्याला पहिल्यांदाच ‘तुम्ही’वर उतरवलं), आणि एलिझाबेथ काय म्हणते ते लेखिका तिच्या शब्दांत देतच नाही. तिने आपल्या भावना बदलल्याचं सांगितलं, एवढंच. पहिल्या वेळचा नकार पानंच्या पानं, आणि होकार असा गुंडाळलेला.

“हे काय! बाईंनी पडदाच टाकला.” मग थोड्या वेळाने, “बरोबर आहे म्हणा. होकार देताना कुणाला वाक्यं सुचतात? मी तर नुसतं पोह्यांचं ताट पुढे केलं होतं.”

कार्तिकी एकादशीला सकाळी देवळात जाऊन आलो. संध्याकाळी शेवटचं प्रकरण झालं. थंडी पडायला लागली होती, म्हणून खुर्च्या आत घेतल्या होत्या. उपासाचे बटाट्याचे पापड होते. मी पुस्तक मिटलं. मला वाटलं आई काहीतरी मोठं बोलतील. त्या पापड मोडत बसल्या होत्या.

“एक विचारू? या गोष्टीत सासू कुठे आहे?”

मी मनात शोधलं. डार्सीची आई गेलेली. बिंगलीची पुस्तकात नाहीच. कॉलिन्सची नाही, विकमची नाही. पाच मुलींपैकी तिघींची लग्नं लागली, मैत्रिणीचं लागलं, आणि एकीलाही सासू नाही.

“खरंच की. एकही नाही.”

“म्हणूनच सगळं एवढं गोड झालंय.” पापडाचा तुकडा माझ्या दिशेने आला, अंदाजाने, जरा उजवीकडे. “दुसऱ्या कशात आहे का?”

“पहिल्या कादंबरीत आहे. मिसेस फेरर्स. पण भयंकर आहे, आई. मुलानं मनासारखं लग्न नाही ठरवलं म्हणून त्याला इस्टेटीतून काढून टाकते.”

“जाड आहे का पुस्तक?”

“आहे बऱ्यापैकी.”

“मग उद्यापासून तेच काढ. आणि तिला रंगवताना माझ्याकडे बघू नकोस. मला दिसत नसलं तरी कळतं.”